भर दुपारी लावलेलं दार

उमरगा सोडल्यावर

मला प्रवासात झोप लागत नाही, भूक मात्र लागते. त्यामुळे सोलापूरहून निघालेली बस उमरगा मागे टाकून पुढे गेली आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवरची अक्षरं कानडी झाली, तेव्हा मी टक्क जागी होते आणि डब्यातली शेवटची पोळी खात होते. राज्य बदललं म्हणजे काहीतरी वेगळं दिसायला हवं, असं मला उगाच वाटत होतं. तसं काहीच दिसलं नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, तोच हरभरा. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी कंडक्टरशी सुट्या पैशांवरून कानडीत वाद घातला, मागच्या म्हाताऱ्याची दखनी उर्दूत विचारपूस केली आणि मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "एकट्याच कुटं निघालात, बाई?"

"मुडबीला," मी म्हणाले.

"मुडबीला? काय काम?"

खरं तेच सांगावं म्हणून मी सांगितलं, की मोठ्या आजारातून उठलेल्या माणसांना भेटायचंय, त्यांचं ऐकायचंय.

बाईंनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "त्याला एवढ्या लांब कामून आलात? तुमच्याकडं माणसं आजारी पडत न्हाईत?"

माझ्या विभागातल्या लोकांनीही मला साधारण हाच प्रश्न विचारला होता, फक्त जास्त अवघड शब्दांत. मी पुण्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्या वेळी माझा प्रबंध रखडलेला होता. बाकीचे प्रश्नावल्या वाटत, आकडे गोळा करत, तक्ते काढत. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मरणाच्या दारातून परत आलेला माणूस तोच उरतो का, आणि नसेल उरत तर तो स्वतःबद्दल काय सांगतो. ते त्याच्याच शब्दांत ऐकायचं होतं. स्टाफरूममध्ये याला "गप्पा मारून डॉक्टर व्हायची युक्ती" असं नाव पडलं होतं.

पुण्यात मी बऱ्याच जणांशी बोलले होते. ते सगळे फाइल उघडून बोलायचे. अमुक तारखेला ताप आला, अमुक तपासणी केली, रिपोर्ट असा आला. "तुम्हाला काय वाटलं?" असं विचारलं की म्हणायचे, "डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही." माझ्या मार्गदर्शक सरांनी शेवटी सांगितलं, "बाई, जरा लांब जा." आणि एका कागदावर तीन नियम लिहून दिले. बोलणारा एकटा हवा. आपण मध्ये बोलायचं नाही. आपले शब्द त्याच्या तोंडी घालायचे नाहीत. तो कागद मी पर्समध्ये जपून ठेवला होता. माझा त्या कागदावर विश्वास होता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या विश्वासापायीच झालं.

चिटगुप्पा

हुमनाबादला बस बदलून चिटगुप्प्यात उतरले, तर शिवराज मास्तर छत्री घेऊन उभे होते. मैत्रिणीच्या ओळखीतले हे मुडबीचे शाळामास्तर. पन्नाशीला टेकलेले, बारीक, अतोनात बोलके. पावसाचं चिन्ह नव्हतं आणि ऊनही हिवाळ्यातलं, मग छत्री कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "गर्दीत तुम्हाला दिसावं म्हणून." बाजाराचा दिवस होता. छत्री उघडी धरून ते माझ्यापुढे चालत होते आणि दर दहा पावलांवर कुणीतरी "बर्री, बर्री" म्हणून आत बोलवत होतं. आलेल्या माणसाला 'या' म्हणायचं ते कानडीत, पण चहा मराठीत विचारायचा, अशी तिथली रीत.

मास्तरांनी माझ्यासाठी पहिला माणूस तिथेच काढून ठेवला होता. कापडाच्या दुकानाचे मालक संगप्पाशेठ. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं, त्यातून ते उठले होते. मी टेपरेकॉर्डर मांडला, बटण दाबलं आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काय झालं?"

उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. आतून, पडद्याआडून. "सोमवारी सकाळी उठल्यावर हात उचलंना."

"सोमवार न्हवता," गल्ल्यावरचा भाऊ म्हणाला. "आयतवार व्हता. मी हळीखेडला गेलतो."

"आयतवारी तू कुटं गेलतास? तू तर पेपर वाचत बसलतास," समोर साडी बघत बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं. हे गिऱ्हाईक कोण, तर शेजारच्या गल्लीतले गृहस्थ. त्यांनीच शेठना खाटेवर घालून नेलं होतं. मग खाट कुणाची होती यावर चर्चा झाली. शेठ स्वतः हसतमुखाने प्रत्येकाकडे बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललीय. मी दोनदा म्हणाले, "शेठ, तुम्ही सांगा ना." तर ते म्हणाले, "सांगायलेत की. बराबर सांगायलेत."

एक तासाची टेप भरली. शेठचा आवाज त्यात तीनदा होता, त्यातला एकदा तर ते चहा सांगत होते.

परतताना मी वैतागले होते. मास्तर म्हणाले, "आमच्यात असंच असतंय, बाई. दुखणं आलं की सारं गाव बघायला येतंय. आलेल्या परतेकाला पहिल्यापासून सांगावं लागतंय. दहा जणांना सांगून झालं की ते एकट्याचं ऱ्हात न्हाई." आमच्या पुण्यात आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे आधी विचारून, दहा मिनिटं, मोसंब्यांची पिशवी आणि "बरं वाटतंय ना?" त्यावर "हो" म्हणणं हे आजाऱ्याचं कर्तव्य. मास्तरांचं म्हणणं मला गमतीचं वाटलं, वहीत टिपूनही घेतलं, पण पटलं नाही. मी ठरवलं, पुढचं माणूस एकटं गाठायचं आणि दार लावून घ्यायचं.

मुडबीत, पहिले काही दिवस

मुडबीत मी मास्तरांच्या घरी उतरले. मास्तरीणबाई फार बोलत नसत, वाढत मात्र सारखं. कडक भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. पहिल्या रात्री मी अडीच भाकरी खाल्ल्या आणि "बाईंना आमचं काय गोड लागंना" असा शेरा मिळवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या मानाने खाली. "एक बाई हायत. कस्तुरअक्का. पंधरा वरसापूर्वी टीबी झाला व्हता. सोलापूरकडच्या दवाखान्यात वरीसभर व्हत्या. हे गावात फकस्त तिघांना ठावं हाय. ती, तिचे मालक माणिकअण्णा आन् मी."

मास्तरांना कसं ठाऊक, तर माणिकअण्णांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. ते बोलायचे मराठी, वाचायचे उर्दू आणि सही करायचे कानडीत. दवाखान्याची पत्रं मात्र मराठीत यायची. तेव्हा मास्तर गावात नवीन होते. अण्णा ती पत्रं घेऊन शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे यायचे, वाचून घ्यायचे आणि तिथेच काडी लावायचे.

"मग गावाला काय सांगितलं?"

"भांडून म्हायेराला गेली म्हणून."

आता या घरात लेकीचं लग्न जमत आलं होतं. मंगल, एकोणीस वर्षांची, एकुलती एक. चिटगुप्प्याच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बोलणी झाली होती, साखरपुड्याचं कुंकू लावायचं तेवढं येळवशीचा सण झाल्यावर ठरलं होतं. टीबीचा शब्द बाहेर पडला असता तर ते कुंकू लागलं नसतं. हे मास्तरांनी मला स्पष्ट सांगितलं, आणि तरी पुढे म्हणाले, "पर अक्काच म्हणाल्या, त्या बाईंना आना. एकदा कुणाला तरी सांगावं वाटायलंय."

मी कस्तुरअक्कांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, मोठ्या आवाजाच्या. हिला कधी काही झालं असेल असं वाटणार नाही. मी वचन दिलं, की यातला शब्द कुणाच्या कानावर जाणार नाही. मंगल आणि अण्णा शेतात गेले, की दुपारी मी जायची. आणि मी पहिलं काम काय केलं, तर उठून पुढचं दार लावलं आणि आतून कडी घातली. कस्तुरअक्का त्या कडीकडे बघतच राहिल्या. "लावायलाच पायजे का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "तुमच्यासाठीच."

तीन दुपारी त्या बोलल्या. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

त्यांनी रक्ताबद्दल सांगितलं. भांडी घासताना राखेवर पडलं आणि आधी त्यांना वाटलं, आपण पान कधी खाल्लं? दवाखान्यातल्या लांब खोलीबद्दल सांगितलं, जिथे सकाळी कुठली खाट रिकामी झालीय ते बघायला कुणी मान वर करायचं नाही. अंड्याबद्दल सांगितलं. जन्मात घरात न आलेलं अंडं त्यांना रोज एक खावं लागायचं. पहिल्या दिवशी ओकल्या. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून लेकीचं नाव घेतलं आणि गिळलं. मग रोज तसंच.

"अंडं आत जायचं, मंगीचं नाव भाईर यायचं," म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या.

अण्णा उर्दूत पत्रं लिहायचे. अक्कांना कुठलीच अक्षरं येत नव्हती. तिथला एक म्हातारा कंपाउंडर ती वाचून दाखवायचा. अण्णा घरातल्या म्हशीबद्दल, पाऊसपाण्याबद्दल लिहायचे आणि शेवटी एक ओळ असायची, 'पोर बरी आहे.' "त्या एका ओळीसाठी म्या सारी म्हस ऐकायची," त्या म्हणाल्या.

आणि परत आल्या तेव्हा अंगानं भरल्या होत्या. औषधं, दूध, अंडी. गावानं पाहिलं, भांडून गेलेली बाई माहेरचं खाऊन गुबगुबीत होऊन आलीय. खोटं सांगितलेलं आपोआप खरं झालं.

"मंगी पाच वरसाची व्हती. आत्याच्या पदराआड लपली. मला म्हणली, ही बाई कोण?" त्या म्हणाल्या, "डाक्टर म्हणलते, वरीसभर लेकराला जवळ निजवू नगा. म्या न्हाई निजवलं. माझा गिलास अजून येगळा हाय. तिला वाटतंय, आईला माया न्हाई. मला टाकून रुसून गेलती, आली ती बी तशीच आली. तिनं कधी त्वांडानं म्हणलं न्हाई. पर मला कळतंय की."

"तुम्ही तिला का नाही सांगितलं?" हे मी विचारलं नाही. मध्ये बोलायचं नव्हतं. कागदावर लिहिलेलं होतं.

तिसऱ्या दुपारनंतर वहीत मी मोठ्या समाधानाने लिहिलं, 'पूर्ण एकांत साधला.' ते पान अजून माझ्याकडे आहे. कधी फार शहाणपण अंगात आलं तर काढून बघते.

येळवशीच्या आदल्या दिवशी

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. हा सण पुण्याला ठाऊक नाही, आणि हे पुण्याचं नुकसान आहे. लातूर, उस्मानाबाद, बिदर, गुलबर्गा एवढ्या भागात त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात आणि शेतात जेवायला जातात. आदल्या दिवशी घराघरांत भज्जीची तयारी. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, चिंच, बेसन, हाताला लागेल ती भाजी, सगळं एका पातेल्यात. शेजारी ताकातली ज्वारीची आंबील मडक्यात मुरत ठेवलेली. मी मास्तरीणबाईंच्या शेजारी बसून दाणे सोलत होते, फार संथपणे, आणि त्या माझ्या वाट्याचे सोलून टाकत होत्या.

"बाई," त्या एकाएकी म्हणाल्या, "एक बोलू का? तुमी कस्तुरअक्काकडं दार कामून लावत व्हता?"

मी म्हणाले, कुणी ऐकू नये म्हणून.

"आमच्यात दिसाचं दार लावत न्हाईत," त्या म्हणाल्या. "सकाळी उघडलं की दिवे लावायच्या येळंपतोर उघडंच. मधी लावलं मंजे घरात बाळंतपण तर हाय, न्हाईतर कायतरी वंगाळ झालंय. तीन दिस दार लागलं. साऱ्या गल्लीनं बघितलं. आजाराचं इचारणारी पुण्याची बाई आत, कडी लावलेली. लोक म्हणायलेत, लग्नाची पोर दाखवायलेत. पोरीत कायतरी हाय."

"पण मंगल तर शेतात असायची!"

"ती परसदारानं आत आली असंल, असं म्हणायलेत."

हे सगळं चिटगुप्प्याला पोचलंही होतं. मुलाची आई, पार्वतीबाई, उद्या येळवशीचं जेवायला अक्कांच्या शेतात येणार, असा निरोप आला होता. त्यांना स्वतःचं शेत नाही, त्यामुळे येळवशीला कुणाच्या तरी शेतात जायचंच, हे सांगायचं कारण. खरं कारण सगळ्यांना कळलं होतं.

मला रडूच आलं. ज्या गोष्टीला वाचवायचं म्हणून मी कडी घातली, तिलाच मी वेशीवर टांगलं होतं. उघड्या दारात बसून आम्ही हळू आवाजात बोललो असतो, तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. मास्तर छत्रीवाचून अस्वस्थ असल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "असं करू. बाई जात्यावरची गाणी गोळा करायला आल्यात म्हणून सांगू. आवाज टेपात नीट यावा म्हणून दार लावलं." कल्पना वाईट नव्हती. माणसाला वाचवायला मी हवं ते खोटं बोलायला तयार होते. झोपताना दोन-तीन ओव्या आठवून ठेवल्या, कुणी विचारलंच तर असाव्यात म्हणून.

येळवस

सकाळी बैलगाडीतून शेतात गेलो. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, त्यांच्या मागे पोरं, कुत्री. माणिकअण्णांनी कडब्याच्या पेंढ्यांची कोप केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव, त्यांच्यावर घोंगडी. पूजा झाली. अण्णांनी आंबील शेताच्या चारी बाजूंना शिंपडली आणि मोठमोठ्याने आरोळ्या दिल्या. बाजूच्या शेतातूनही तशाच आरोळ्या आल्या. मग जेवणं. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही सोडायचं नाही, ओढून आणून जेवू घालायचं. मी भज्जी दोनदा घेतली. काळजीतही मला जेवण जातं, हा माझा जुना दोष आहे.

पार्वतीबाई भाड्याच्या जीपमधून एकट्याच उतरल्या. ठेंगण्या, गोऱ्या, हातात पानाचा डबा. आधी नीट जेवल्या. बाजरीचे उकडलेले उंडे चांगले झाल्याचं सांगितलं. हात धुतले, पान लावलं. भोवती सात-आठ बायका होत्या. मंगल आंबिलीचा तांब्या घेऊन वाढत फिरत होती.

"अक्का," पार्वतीबाई म्हणाल्या, "राग मानू नगा. पर पोराचं लगीन हाय, इचारावं लागतंय. पुण्याच्या बाई तुमच्यात तीन दिस दार लावून बसल्या व्हत्या म्हणं. पोरीला काय हाय का?"

मी घाईघाईने पुढे सरकले. "त्याचं काय आहे, मी जात्यावरची गाणी..."

"बाई, तुमी गप ऱ्हावा," कस्तुरअक्का म्हणाल्या. रागाने नाही, मुलीला म्हणावं तसं. मग त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि पार्वतीबाईंकडे तोंड करून बसल्या. "पोरीला काय न्हाई. मला झालतं. टीबी झालता. पंधरा वरसाखाली. म्या म्हायेराला गेलतेच न्हाई. दवाखान्यात व्हते."

अण्णा बैलांपाशी होते, तिथेच खाली बसले. माझा टेपरेकॉर्डर मास्तरांच्या घरी होता आणि मला त्याची आठवणही झाली नाही.

मग एक म्हातारी शेजारीण, जिला पाच मिनिटांपूर्वीपर्यंत हे मंगलचंच काहीतरी वाटत होतं, पुढे सरकली आणि म्हणाली, "कितवा म्हैना व्हता ग?"

"श्रावण सरत आलता."

"मंजे नागपंचमीला तू झोका खेळलीस ती तापातच का काय?"

"तापातच."

"अगं बया."

आणि मग सगळ्याच विचारायला लागल्या. सुया किती टोचल्या, कुठे टोचल्या, जेवायला काय घालायचे, शेजारच्या खाटेवर कुणाची कोण होती, ती वाचली का? अंड्याचं ऐकून एकीने पदर तोंडाला लावला आणि मग सगळ्या हसल्या, अक्काही हसल्या. एक म्हणाली, "म्या तुला लई बोलले व्हते ग तवा. नांदंना म्हणलते." अक्का म्हणाल्या, "तू एकटी न्हवतीस." दाराआड मला सांगितलं होतं तेच त्या सांगत होत्या, पण इथे मध्येच कुणीतरी तारीख दुरुस्त करत होतं, कुणी त्या दिवशी आपण काय करत होतो ते जोडत होतं. 'बोलणारा एकटा हवा,' असं सरांनी लिहून दिलं होतं. मला त्या क्षणी सरांचा राग आला. आजारी पडलेल्या बाईला बघायला गाव येतं, तशी ती माणसं पंधरा वर्षांनी आली होती, आणि ती त्यांचीच वाट बघत होती. मी तिला काय दिलं होतं, तर एक कडी.

पार्वतीबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "आमाला आधी सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर तुमी आला असता का?"

पार्वतीबाईंनी विचार केला. खरोखर केला, मी बघत होते. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आले नसते."

"मग?"

"मग काय! दवाखान्याचा बरं झाल्याचा कागद हाय का?"

"पेटीत हाय."

"मला नगं. आमच्या मालकाला लागंल. त्यांना कागदाबिगर काय बी पटत न्हाई." एवढं बोलून त्यांनी आणखी थोडी आंबील मागितली.

ते कुंकू ठरल्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा लागलं. मला ते पुण्यात मास्तरांच्या कार्डावरून कळलं. मी कस्तुरअक्कांना विचारून घेतलं होतं, की हे सगळं लिहिलं तर चालेल का. "लिवा की," त्या म्हणाल्या होत्या, "आता काय झाकायचंय?" तरी मी नावं बदलली आहेत. प्रबंधात ही मुलाखत मी घातली नाही. तीन टेपा मी त्यांनाच देऊन आले.

पण मला खरं सांगायचंय ते त्या दुपारचं. पार्वतीबाईंनी आंबील मागितली, तेव्हा ती वाढायला कुणी आलं नाही. तेव्हा कुठे आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की मंगल कोपीच्या तोंडाशी तांब्या धरून उभी आहे, आणि केव्हापासूनची उभी आहे. तांब्या तिरका झाला होता, आंबील तिच्या पायावर सांडत होती, तिला ते कळत नव्हतं.

"आई," ती म्हणाली. "तू मामाकडं न्हवतीस?"

"न्हाई."

"आत्या म्हणायची, तू रुसून गेलीस."

"आत्याला बी तसंच सांगितलं व्हतं, पोरी."

मंगल आईजवळ आली नाही. जवळ येऊन गळ्यात पडेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं, मला तर नक्कीच. ती तिथेच उभी राहिली आणि तिचा चेहरा रागाने लाल झाला.

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"लहान व्हतीस, मंगे," कस्तुरअक्का म्हणाल्या. त्यांचा तो मोठा आवाज इतका खाली आला होता, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "तुला सांगितलं असतं तर तू कुणाला तरी बोलली असतीस."

"व्हय, बोलले असते," मंगल म्हणाली. "साऱ्या शाळंला बोलले असते. माझी आई आजारी हाय, मला टाकून गेलेली न्हाई, असं दारोदार जाऊन बोलले असते."